उल्हासकाठचा हिवाळा : मोहने-कल्याण परिसरातील पक्षीनिरीक्षणाची वाटचाल

उल्हास नदीच्या खालच्या खोऱ्यात हिवाळा हा सुकाळाचा हंगाम असतो. युरोपात या दिवसांत तळी गोठतात, बागा उघड्याबोडक्या होतात आणि तिथला निसर्गप्रेमी खिडकीबाहेर दाणे टांगून भुकेल्या पाखरांची वाट पाहतो. कल्याण-ठाण्याकडे याच्या उलट घडते. चार महिन्यांच्या पावसाने तळी, बंधारे आणि भातखाचरे भरलेली असतात. दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरू लागते, काठचा चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, गोगलगायी, बारीक मासे चोचीच्या टप्प्यात येतात. थंडी म्हणावी अशी थंडी जेमतेम काही आठवडे. मध्य आशिया, सैबेरिया आणि हिमालयाच्या उतारांवर वाढलेली पाखरे याच सुमारास इथे उतरतात, आणि त्यांना पाहायला निघणारी माणसेही याच सुमारास घराबाहेर पडतात. पाखरांचे येणे फार जुने आहे. त्यांची नोंद ठेवण्याची सवय मात्र सुमारे दीडशे वर्षांची आहे.

मोहने हे कल्याणच्या उत्तरेला, आगरी-कोळी वस्तीच्या पट्ट्यातले नदीकाठचे गाव. कसारा मार्गावरचे आंबिवली हे त्याचे रेल्वे स्थानक. पलीकडे टिटवाळ्याच्या अंगाला काळू नदी आहे. भातसेचे पाणी घेऊन आलेली काळू पुढे कल्याणजवळ उल्हासला मिळते, त्यामुळे मोहने दोन नद्यांच्या बेचक्यात पडते. राजमाचीच्या डोंगरात उगवलेली उल्हास सुमारे १२२ किलोमीटर वाहून वसईच्या खाडीतून समुद्राला जाते. कल्याणच्या खाली तिची खाडी होते आणि भरती-ओहोटी, खारा चिखल, तिवरांचे राज्य सुरू होते. मोहने हा तिच्या गोड्या पाण्याचा शेवटचा टप्पा म्हणता येईल. इथला बंधारा नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन या कंपनीच्या आद्याक्षरांवरून ‘एनआरसी बंधारा’ म्हणून ओळखला जातो. बंधाऱ्यामागे नदी तळ्यासारखी थांबून राहते आणि बंधाऱ्याखाली काळ्या खडकांतून उथळ धारांनी वाहते. म्हणून एकाच जागी दोन तऱ्हेचे पक्षी पाहायला मिळतात. मागच्या खोल पाण्यात बुडी मारणारी टिबुकली आणि पाणकावळा, तर खालच्या खडकांवर धोबी, तुतारी आणि लांब गुलाबी पायांचा शेकाट्या.

नदीखेरीज या भागाचे दुसरे धन म्हणजे तळी. कल्याणचा काळा तलाव, जुन्या नावाने शेणाळे, आज भगवा तलाव म्हणूनही ओळखला जातो. ठाणे तर तलावांचेच शहर. कोपिनेश्वर मंदिरासमोरचा मासुंदा, कचराळी, उपवन अशी पस्तीसच्या आसपास तळी तिथे अजून शिल्लक आहेत. ही तळी कोणी पक्ष्यांसाठी खोदली नव्हती. पिण्याचे पाणी, देवळाचे स्नान, गुरांची तहान आणि आसपासच्या वाड्यांचे शिंपण यांसाठी ती होती. त्यांचे काठ मातीचे आणि उतरते असत. पाण्यात कमळे आणि कुमुदिनी असत, काठाला पाणकणीस माजलेले असे. पक्ष्यांना हवे ते सारे त्या काठावर आपसूक जमून येई.

हिवाळी पाहुण्यांचे वेळापत्रक बरेचसे ठरलेले आहे. पाऊस पुरता ओसरायच्या आत, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, करडा धोबी दिसू लागतो. बदकांत पहिला मान भिवई बदकाचा. तोही सप्टेंबरातच येऊ लागतो. ऑक्टोबरात पांढरा धोबी, थिरथिरा आणि भिंगऱ्यांचे थवे येतात. नोव्हेंबरात थापट्या, तलवार बदक, चक्रांग, वारकरी आणि खाडीवर कुरव. भोरड्यांचे थवे तसे लवकर येतात, पण ते भरात दिसतात ते माघ-फाल्गुनात, काटेसावर आणि पळस फुलल्यावर. नवशिक्याची फसगत बहुधा बदकांवर होते. नुकतेच आलेले नर मादीसारख्याच मळकट पिसाऱ्यात असतात. भिवई बदकाची पांढरी भुवई, थापट्याचे हिरवे डोके आणि तांबूस कूस पुढे हिवाळा चढेल तशी उजळत जाते. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याचे नेमके उलटे. पावसाळ्यात मिरवलेली शेपटी हिवाळ्यात गळून गेलेली असते, आणि पानांवर चालणारा हा आखूड पक्षी कोण, असा प्रश्न पडतो. त्याची लांबच लांब बोटे पाहिली की उत्तर मिळते. अंगाचा भार पसरवून तरंगत्या पानावर चालायला अशीच बोटे लागतात.

छापील नोंदी सुरू होण्यापूर्वी हे ज्ञान नदीवर आणि शेतात राबणाऱ्यांकडे होते. पाग टाकणाऱ्याला पाणकावळ्यांची झुंड कुठे बुडते ते पाहून माशांचा ठाव लागे. भातकापणीनंतर ओलीवर वाल पेरणाऱ्या शेतकऱ्याला खाचरात दबून बसलेला पाणलावा पायाजवळून भर्रकन उडण्याचा अनुभव दर वर्षीचा. कातकरी आणि ठाकर यांची नजर याहून तीक्ष्ण. पाणकोंबडी कोणत्या झुडपात शिरते, ढोकरी रात्री कुठल्या झाडावर उतरते, हे त्यांना पोटासाठी ठाऊक असावे लागे. परीट, खंड्या, टिबुकली, ढोकरी ही नावे याच लोकांनी रुळवली. पुढच्या काळातल्या संशोधकांना वाटा दाखवणारे आणि पाखरे धरून देणारेही हेच होते. पुस्तकांत मात्र त्यांची नावे क्वचित आली.

लेखी नोंदींची सुरुवात बंदुकीने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. मुंबईच्या साहेबाला आता सकाळी निघून भातखाचरांत पाणलाव्याची शिकार करून संध्याकाळी घरी परतता येऊ लागले. पाणलावा उडतो तोच वेडीवाकडी वळणे घेत, म्हणून त्याला टिपणे हा नेमबाजीचा कस मानला जाई. कोकणातली ओली खाचरे त्यासाठी प्रसिद्ध होती. शिकाऱ्याकडे रोजनिशी असे. किती पाणलावे, किती बदके, कोणत्या तारखेला, कोणत्या तळ्यावर, हे तो नोंदवून ठेवी. हेतू फुशारकीचा असला, तरी तारीख आणि जागा या दोन गोष्टींमुळे त्या वह्यांना पुढे मोल आले. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७२ मध्ये ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिशास्त्राचे नियतकालिक काढले. सहलेखक मार्शल यांच्यासह त्यांनी १८७९ ते १८८१ या काळात हिंदुस्थानातील शिकारी पक्ष्यांवर तीन खंड प्रसिद्ध केले. यातली बरीच माहिती देशभरच्या अशाच शिकारी अधिकाऱ्यांनी पुरवली होती. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे ह्यूम सर्वांना माहीत झाले. त्यांची पक्ष्यांची कामगिरी त्यामानाने झाकली गेली.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, तर सखाराम अर्जुन वनस्पतींचे जाणकार. सोसायटीचे पहिले मानद सचिव झाले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहिणारे एटकेन १८५१ मध्ये साताऱ्यात जन्मले आणि जकात व मीठ खात्यात नोकरीला लागले. या नोकरीने त्यांना खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी अशा ठिकाणी फिरवले. बंगला, आवार, आंब्याची राई आणि गावचे तळे हेच त्यांचे अभयारण्य ठरले.

बागेतल्या निरीक्षणाला इथे प्रतिष्ठा मिळाली ती एटकेन यांच्यामुळे. सोसायटी जन्मली त्याच वर्षी, १८८३ मध्ये, त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ पुस्तकरूपाने आले. घरातले उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे यांना त्यांनी सरहद्दीवरच्या टोळ्या कल्पून खुसखुशीत शैलीत रंगवले. बागेतले पक्षी, आंबराईतले पक्षी आणि तळ्यावरचे पक्षी यांना त्यांनी वेगवेगळी प्रकरणे दिली, आणि ही विभागणी कोकणातल्या कोणत्याही गावाला आजही लागू पडते. १९०० मध्ये मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. दुर्मीळ पक्ष्याचे कातडे मिळवण्यापेक्षा रोज दिसणारा पक्षी काय करतो हे पाहण्यात अधिक रस घेणारा हा लेखक होता. त्या काळात ही दृष्टी विरळ होती. साम्राज्याच्या थट्टेखोर भाषेचा दर्प त्यांच्या लेखनाला येतो, हे खरे. निरीक्षण मात्र खोटे ठरत नाही.

बंदूक आणि वही यांचा दुवा सालिम अली यांच्या आयुष्यातही दिसतो. १९०८ मध्ये लहानग्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारायला तो सोसायटीत गेला आणि तिथले सचिव मिलर्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले. पुढे कोकणातल्या किहीम गावी त्यांनी सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. त्या कामाची कीर्ती सर्वत्र झाली. त्याच सुमाराचा, १९३१ चा, त्यांचा दुसरा एक लेख कमी वाचला जातो, पण बागेतून निरीक्षण करणाऱ्याने तो वाचावा असा आहे. विषय आहे कोकणातले बांडगूळ आणि त्याचा प्रसार करणारे शिंजीर व फुलटोचे.

हे नाट्य कल्याण-मोहन्यातल्या कोणत्याही जुन्या आंब्यावर हिवाळ्यात घडताना दिसते. आंब्याच्या फांदीवर बांडगुळाचा वेगळ्या पानांचा झुबका असतो आणि थंडीत त्याला नळीसारखी केशरी-तांबडी फुले येतात. शिंजीर आपली बाकदार चोच नळीत घालतो. मध घेताना त्याच्या कपाळाला पराग लागतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. मग फळ धरते. फुलटोचा हा अंगठ्याएवढा, मळकट रंगाचा, सहसा लक्षात न येणारा पक्षी ते फळ गिळतो. बी चिकट असते. विष्ठेबरोबर बाहेर पडताना ती शेपटीखाली लोंबत राहते, आणि पक्षी फांदीवर अंग घासून तिला पुसून टाकतो. बी नेमकी तिथेच रुजते. याच बांडगुळावर ‘हळदीकुंकू’ फुलपाखराची मादी अंडी घालते, म्हणून पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचे हे फुलपाखरू थंडीच्या सकाळी झाडाच्या शेंड्याभोवती तरंगताना दिसते. माळी बांडगूळ दिसले की छाटतो. आंब्याच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे, पण त्या एका छाटणीत तीन जिवांचे हिवाळी घर जाते.

सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी ‘बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड साल्सेट’ ही लेखमाला १९३६ ते १९३९ या काळात सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिली. साष्टी बेट म्हणजे ठाण्यापर्यंतचा भूभाग. खाडीअलीकडचे कोणते पक्षी केव्हा येतात, केव्हा जातात, किती विपुल आहेत, याचा पाया या मालिकेने घातला. कल्याण-मोहने खाडीपलीकडचे, तरी इथल्या निरीक्षकालाही तुलनेसाठी हेच जुने माप हाताशी आहे. १९४१ मध्ये सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. रंगीत चित्रे आणि नेमके वर्णन एकत्र मिळाल्यामुळे शिक्षक, कारकून, रेल्वेतले नोकर अशा कोणालाही पक्षी न मारता ओळखता येऊ लागला. अब्दुलअलींचा हातखंडा कायद्यात. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. भातखाचरांतले बेडूक पकडून त्यांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याच्या धंद्याविरुद्धही ते लढले. ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने तिचे दरवाजे जवळजवळ पूर्ण बंद केले.

हे हिवाळी पाहुणे येतात कुठून, याचा पुरावा पायात कडी घालून मिळाला. सोसायटीने १९५९ नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मोठ्या प्रमाणावर पक्षी पकडून त्यांच्या पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी घातली आणि त्यांना सोडून दिले. कड्यावर मुंबईच्या सोसायटीला कळवण्याची विनंती कोरलेली असे. सोव्हिएत संघातल्या शिकाऱ्यांनी आणि संशोधकांनी अशी कडी परत पाठवली, तेव्हा भारतातल्या तळ्यांचे आणि सैबेरियातल्या दलदलींचे नाते अंदाजाचे राहिले नाही. आज या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात.

दरम्यान मोहने बदलले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनने इथे कारखाना उभारला. कृत्रिम रेशीम बनवायला पाणी मुबलक लागते, आणि नदी व रेल्वे दोन्ही हाताशी असलेली मोहन्याची जागा त्यासाठी सोयीची होती. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली, वसाहतीबरोबर रस्त्याकडेची झाडे आली. असा बदल एकाच वेळी दोन दिशांनी काम करतो. मोकळा माळ आणि खाचरे जातात, त्यांच्याबरोबर पाणलावा आणि गप्पीदास मागे सरतात. सावलीची झाडे आणि कुंपणे वाढली की थिरथिरा, तांबड्या कंठाचा माशीमार, हळद्या आणि हिरवे वटवटे यांना हिवाळ्यात आसरा मिळतो. २००९ च्या अखेरीस कारखाना बंद पडला आणि हजारो कुटुंबांचा आधार गेला. त्या दुःखापुढे पाखरांची गोष्ट क्षुल्लक वाटेल. तरी रिकाम्या पडलेल्या औद्योगिक आवारात गवत आणि झुडपे माजतात तेव्हा तिथे कोण राहायला येते, हा निसर्गाच्या अभ्यासातला गंभीर विषय आहे. आंबिवलीच्या टेकडीलगत पुढे जैवविविधता उद्यान उभे राहिले, आणि या पट्ट्यातल्या पक्षीनिरीक्षकांना हिवाळी फेरफटक्यासाठी आणखी एक जागा मिळाली.

मराठीत ही आवड घराघरांत पोचवण्याचे काम लेखकांनी केले. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले. महिन्यामहिन्याने निसर्ग पाहण्याची रीत त्याने मराठी वाचकाला लावली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून ऐकलेली नावे आणि संस्कृत ग्रंथांतले दाखले एकत्र आणले. त्यांचा ‘पक्षिकोश’ हे या कामाचे फळ. किरण पुरंदरे यांनी ‘मुठेवरचा धोबी’ लिहून शहरातून वाहणारी मळकी नदीही पाहण्याजोगी असते हे दाखवले, आणि उल्हासकाठच्या वाचकाला ते सांगण्याची गरज होतीच. १९८० च्या दशकारंभी पक्षिमित्रांची राज्यव्यापी संमेलने सुरू झाली. एकेकटे हिंडणारे लोक त्यातून एकमेकांना भेटले. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळायला सुरुवात केली. हिवाळी पाहुण्यांच्या आगमनाशीही या तारखा छान जुळतात.

मोजणीची परंपरा बाहेरून आली. अमेरिकेत १९०० च्या नाताळात फ्रँक चॅपमन यांनी पक्षी मारण्याच्या स्पर्धेऐवजी पक्षी मोजण्याची टूम काढली. ब्रिटनमध्ये १९७९ पासून जानेवारीत लोक आपापल्या बागेत बसून पक्षी मोजतात. भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. फेब्रुवारीत परसातल्या पक्ष्यांची जागतिक गणना होते. त्यात भारतीय निरीक्षक २०१३ पासून भाग घेत आले आहेत. तळ्यावर मोजणी करताना एकेक बदक मोजत बसत नाहीत. दहाचा गट नजरेत पक्का करायचा आणि असे किती गट भरतात ते पाहायचे. उजेड पाठीमागे ठेवायचा, एकाच काठावरून मोजायचे, आणि बंधाऱ्यासारख्या ठिकाणी एखादी घार घिरट्या घालू लागली तर थवा पुन्हा बसेपर्यंत थांबायचे. पांढरे धोबी दिवसभर एकेकटे हिंडतात, पण संध्याकाळी पाणकणसात किंवा एखाद्या झाडावर शेकड्यांनी मुक्कामाला जमतात. दिवसाच्या आणि संध्याकाळच्या आकड्यात म्हणूनच जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मात्र नुसता आकडा फसवतो, आणि उल्हासच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घ्यावे लागते. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर, कल्याण या वाढत्या शहरांचे आणि उद्योगांचे सांडपाणी नदीत आणि वालधुनी या तिच्या उपनदीत येत गेले. सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर जलपर्णी पोसते. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पावसाळ्याच्या पुराने वाहून जाते, पण हिवाळ्यात पाणी संथ झाले की उरल्यासुरल्या रोपांपासून पुन्हा पसरते. मोहन्याजवळ नदीचे हिरवे मैदान झालेले पाहायला मिळते ते यामुळेच. या गालिच्यावर कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि बगळे खुशाल चालतात. बुडी मारणाऱ्या टिबुकलीला आणि उघड्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना मात्र जागा राहत नाही. पाण्याखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे कमी झाले की खंड्याही दुसरीकडे जातो.

घाण पाण्यावर पक्षी येतच नाहीत, हा समजही चुकीचा आहे. थापट्याची चोच फावड्यासारखी पसरट असून तिच्या कडांना कंगव्यासारखे दाते असतात. अनेक थापटे एकमेकांमागे गोल फिरत पाणी ढवळतात आणि त्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. सांडपाण्याच्या तळ्यात असे जीव भरपूर असतात. शेकाट्यालाही गढूळ, उथळ पाण्यातल्या अळ्या चालतात. म्हणून नदीच्या एखाद्या नासलेल्या वळणावर हिवाळ्यात शेकडो शेकाटे दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की नदी सुधारली. शेकाटे वाढले आणि खंड्या घटला, तर नदी बिघडली असेच समजावे. ठाणे खाडीतल्या रोहित पक्ष्यांचेही काहीसे असेच आहे. १९९० च्या दशकापासून ते मोठ्या संख्येने येऊ लागले, २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये या खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. पण ते ज्या शेवाळावर जगतात, त्याच्या वाढीत शहराच्या सांडपाण्याचा हात असल्याचे अभ्यासक सांगत आले आहेत. संरक्षण मिळाले हे उत्तमच. गुलाबी थव्यांवरून पाणी स्वच्छ असल्याचा दाखला मात्र काढता येत नाही.

तळ्यांचे दुखणे वेगळे. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. या महापालिकेच्या हद्दीत काय आणि ठाण्यात काय, पुढच्या दशकांत तलावांचे सुशोभीकरण म्हणजे काठाला उभी भिंत, फरशीची पायवाट, दिवे, कारंजे आणि नौकाविहार असे समीकरण बसले. लोकांना संध्याकाळी फिरायला जागा मिळाली, बुजवले जाण्यापासून तळी वाचली, याचे श्रेय द्यायला हवे. उभ्या भिंतीने मात्र उथळ चिखलाचा पट्टा संपवला, आणि धोबी, तुतारी, ढोकरी यांचे ताट त्या पट्ट्यातच वाढलेले असते. काठ उतरता ठेवून एका बाजूला पाणकणीस राखले आणि त्या कोपऱ्यात होड्या नेल्या नाहीत, तर फिरणारे आणि पाखरे दोघांचेही भागते. मूर्ती विसर्जनासाठी वेगळे कृत्रिम तलाव करण्याची पद्धत ठाण्यात रुजली. शहाणपण आणि सोय यांची तडजोड होऊ शकते, हे तिने दाखवून दिले आहे.

बागेच्या बाबतीत तर तडजोडीचीही गरज नाही. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर ओवळे इथली ओवळेकर वाडी याचे उदाहरण आहे. राजेश ओवळेकर यांनी घरच्या शेतजमिनीवर अळ्यांच्या खाद्यवनस्पती आणि मधाची फुले लावली आणि फुलपाखरे आपण होऊन तिथे आली. पावसाळा सरल्यापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत तिथे विशेष गर्दी असते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘नीलवंत’ हे राज्य फुलपाखरू ठरवले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. नीलवंताच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांवर वाढतात. एखाद्या चाळीच्या दारातल्या लिंबालाही त्या लागतात. कढीलिंब, लिंबू, रुई, पानफुटी अशी साधी झाडे आणि जमिनीवर ठेवलेले पाण्याचे पसरट भांडे एवढ्यावर लहान परसातही हिवाळाभर पाहण्याजोगे काही ना काही येते. पाण्याच्या कडेला चतुर आणि टाचण्या बसतात. एखादा दिवड उन्हात अंग शेकत पडलेला दिसतो. तो बिनविषारी असतो, त्याला काठीने डिवचू नये.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देशव्यापी जाळ्यात मोहन्याच्या एनआरसी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला उल्हासच्या पाण्याचे तपासणी केंद्र आहे, आणि तिथल्या पाण्यातला प्राणवायू व इतर घटक नोंदले जातात. त्याच बंधाऱ्यावर दर जानेवारीत, ठरल्या सकाळी, ठरल्या जागेवरून टिबुकली, खंड्या, धोबी, शेकाटे आणि बदके मोजून तारखेसह लिहून ठेवली, तर पाण्याच्या तक्त्याशेजारी पाखरांचाही तक्ता तयार होईल. त्यासाठी दुर्बीण, वही आणि जवळ राहणारी दोन-तीन नियमित माणसे पुरतात. जे पक्षी दिसले नाहीत त्यांच्यापुढे शून्य लिहायला मात्र विसरू नये.